शोरूममध्ये टोपी कशी घालतात आणि ती कशी चुकवायची (बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी)

वडगावकर

नमस्कार मंडळी. घरात पहिलीच चारचाकी यायची आहे. पेट्रोल, चार मीटरच्या आतली, नेहमीची लहान गाडी. बेळगावातली शोरूम फिरतोय आणि प्रत्येक ठिकाणाहून डोकं जड करून बाहेर पडतोय. आत पाय ठेवला की थंड पाणी, मग चहा, मग "तुम्ही कुठले, वडगावचे होय, माझी आत्या वडगावातच असते". माणूस कन्नड बोलत असतो, आपण मराठी म्हटल्यावर लगेच मराठीत सुरू होतो आणि आवाज खाली आणून सांगतो, "आपल्या माणसाला म्हणून सांगतो सर, बाहेर बोलू नका". बाबा तिथेच विरघळतात. मी रेट विचारला की "ते करून देतो की, काय काळजी करताय".

एकाने ब्रोशरच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने आकडे लिहून दिले. सही नाही, शिक्का नाही, तारीखसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी फोन केला तर म्हणे ते कालचं होतं, आज स्कीम बदलली.

शेवटी एका ठिकाणी हट्टाने छापील कोटेशन काढून घेतलं. नाव देत नाही, धागा उडायला नको. आकडे असे आहेत: एक्स-शोरूम ८,९५,०००, आरटीओ १,५२,०००, इन्शुरन्स ५१,८००, एसेन्शियल ॲक्सेसरीज किट २३,९९०, एक्स्टेंडेड वॉरंटी १६,५००, हँडलिंग अँड लॉजिस्टिक ८,५००, फास्टॅग १,०००. डिस्काउंट विचारला तर उत्तर आलं, "जीएसटीत ऐंशी हजार मिळालेत की सर तुम्हाला, अजून किती ओढणार".

यातलं खरं किती आणि हवा किती, जाणकारांनी सांगा.

हिशेबी_माणूस

आधी ते ऐंशी हजार निकालात काढू. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, वरचा १ टक्का सेसही गेला. ते सरकारने केलं, शोरूमने नाही. तुमचा ८,९५,००० हा आकडा ती सूट धरूनच आलेला असणार, नाहीतर गाडी पावणेदहाच्या वर गेली असती. तेव्हा "आम्ही दिलं" म्हणून तो तुमच्यावर उपकार चढवतोय ते मनातून काढून टाका आणि शोरूमचा डिस्काउंट वेगळा मागा.

आता आरटीओ. कर्नाटकात खाजगी कारचा लाइफटाइम टॅक्स ५ लाखांपर्यंत १३ टक्के, ५ ते १० लाख १४, १० ते २० लाख १७ आणि त्यावर १८ टक्के. त्या टॅक्सवर ११ टक्के सेस. म्हणजे तुमच्या गाडीला ८,९५,००० चे १४ टक्के १,२५,३००, त्यावर सेस १३,७८३, एकूण १,३९,०८३. रजिस्ट्रेशन फी ६००, स्मार्ट कार्ड २००, कर्ज असेल तर बोजा चढवायचे १,५००. किरकोळ काही धरलं तरी बेचाळीस हजारांच्या पुढे जायचं कारण दिसत नाही (म्हणजे १,४२,०००). बाकीचे दहा हजार कुठले ते त्यालाच विचारा. "एजंट खर्च" म्हणेल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नव्या गाडीचं रजिस्ट्रेशन डीलरच करतो, गाडी आरटीओत न्यायची नाही, मग एजंट कशाला? आणि टॅक्सची पावती तुमच्या नावाने ऑनलाइन निघते. ती मागा आणि पावतीवर आहे तेवढेच देणार म्हणून सांगा.

हँडलिंग चार्ज सरळ खोडा. गाडी कंपनीतून शोरूमपर्यंत आणायचा खर्च एक्स-शोरूममध्ये आला. "आपण हे कुठल्या नियमाने घेता ते लेटरहेडवर लिहून द्या" एवढं म्हटलं की बहुतेक वेळा तो आकडा गळून पडतो.

गणपत_गल्ली

मी गेल्या वर्षी गाडी घेतलो. मलाबी असंच सांगितले की किट कंपल्सरी हाय, कंपनीतनंच फिट करून येतंय. मी म्हटलो बरं, कंपनीतनं येतंय तर एक्स-शोरूममध्ये असायला पायजे, वेगळं बिल कसलं. गप्प झाला. किट म्हणजे काय होतं बघितलो तर मॅट, मडफ्लॅप, स्टिअरिंग कव्हर, दाराला लावायची प्लॅस्टिकची पट्टी आणि एक परफ्यूम. हेच सामान बाहेर निम्म्यात बसवून मिळतंय. मॅट तेवढी घेतलो, बाकी नक्को म्हटलो. तोंड वाकडं केले खरं गाडी दिले.

चोर्ला_घाट

टेफ्लॉन कोटिंग विसरलात. नव्या गाडीला सात-आठ हजाराचं कोटिंग लावतात आणि ते लावलं की नाही हे देवालाच ठाऊक. अंडरबॉडीचं मात्र आमच्या भागात बघून ठरवावं लागतं. माझी गाडी सारखी गोव्याला जाते, पावसाळ्यात घाटात आणि खाली किनाऱ्याला गंज लवकर पकडतो, मी लावून घेतलं. पण नंतर, माझ्या ओळखीच्या गॅरेजात, समोर उभा राहून.

निपाणीचा_भाऊ

कशाला एवढा हिशेब करत बसताय मंडळी. कोल्हापुरात जावा आणि एमएच ०९ घ्या. तिकडं पेट्रोलला १० लाखांपर्यंत ११ टक्केच टॅक्स हाय. ९ लाखाच्या गाडीला चाळीस हजाराच्या आसपास वाचतात. १२ लाखाची घेतली तर ऐंशी हजार. आमच्या निपाणीत निम्म्या गाड्या ०९ च्या फिरत्यात. सेल्समनच पत्ता मॅनेज करून देतोय, भाडेकरार करतोय, कागलचा न्हाईतर गडहिंग्लजचा. आपल्याला फकस्त सही करायची.

वडगावकर

@निपाणीचा_भाऊ हेच मलाही सांगितलं एकाने. "बेळगावातले सगळे करतात सर." चाळीस हजार म्हटल्यावर बाबांचे डोळे चमकले. खरंच चालतं का हे?

वकीलीणबाई

नाही. आणि हा मुद्दा जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्या सीमाभागात सेल्समनचं सगळ्यात गोड आमिष हेच आहे.

ज्यांचं घर, शेती, नोकरी खरोखर कोल्हापूर जिल्ह्यात आहे त्यांनी तिकडे गाडी घ्यावी, तिकडचा नंबर घ्यावा, काही प्रश्न नाही. चंदगड, गडहिंग्लजकडची कितीतरी माणसं रोज कामाला बेळगावात येतात, त्यांच्या गाड्या एमएचच असणार. पण तुमचं आधार वडगावचं, राहणं वडगावचं, गाडी रोज टिळकवाडीच्या रेल्वे गेटात अडकलेली, आणि कागदोपत्री तुम्ही कागलला भाड्याने राहता, हे खोटं आहे. त्या खोट्यावर सही तुमची असते, सेल्समनची नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्याची गाडी एका राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथे पुन्हा रजिस्टर करावी लागते. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. मग इथला टॅक्स गाडीच्या वयाप्रमाणे भरा आणि तिकडचा परत मिळावा म्हणून तिकडच्या आरटीओत अर्ज करत बसा. पैसे आधी जातात, परतावा मागून येतो.

तपासणीत धरलं की टॅक्स दंडासकट भरावा लागतो, तोवर गाडी अडकून पडते. समन्स, चलन, इन्शुरन्सची पत्रं सगळी त्या भाड्याच्या पत्त्यावर जातात जिथे तुम्हाला कोणी ओळखत नाही. अपघाताचा क्लेम करताना पत्त्याची चौकशी झाली तर उत्तर काय देणार? गाडी विकली की तो सेल्समन मोकळा, तोवर तो दुसऱ्या शोरूमला लागलेला असतो.

निपाणीचा_भाऊ

मॅडम, तुमचं बरोबर हाय खरं सांगू का, आम्हाला कोल्हापूर जवळ आणि बेळगाव लांब. बाजार तिकडं, दवाखाना तिकडं, पोरं शिकायला तिकडं. गाडी दिवसातनं दोनदा तवंदी घाट न्हाईतर कोगनोळी नाका बघती. कुठल्या राज्यात किती महिने ऱ्हायली कोण मोजणार?

काळी_माती

मग केंद्राकडे अर्ज करा की निपाणीचा निकाल लावा म्हणून 😄

संपादक

सीमाप्रश्नासाठी वेगळे धागे आहेत, भरपूर आहेत. इथे गाडीबद्दलच बोला. आणि पुन्हा सांगतो, शोरूमची, बँकांची, माणसांची नावं टाकू नका, प्रतिसाद काढावा लागेल.

वकीलीणबाई

@निपाणीचा_भाऊ तुमची अडचण मला पटते हो. जवळचं शोरूम कोल्हापूरचं असेल तर गाडी तिथून घ्या, कोण नाही म्हणतंय. फक्त तिथून तात्पुरता नंबर घेऊन गाडी आणा आणि चिकोडी आरटीओचा केए २३ करून घ्या. कोल्हापूरचा डीलर डिस्काउंट जास्त देत असेल तर तो फायदा खरा, कष्टाचा. टॅक्स चुकवून मिळालेला फायदा मात्र उधारीचा आहे.

एक सांगायचं राहिलं. गाडी कोल्हापुरात घेतली आणि फसवणूक झाली तर तक्रारीसाठी कोल्हापूरला खेटे घालायला लागत नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात केस घालता येते, म्हणजे बेळगावला. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीचं प्रकरण जिल्हा आयोगात चालतं, ५ ते १० लाखांच्या खरेदीला फी फक्त २०० रुपये, मुदत दोन वर्षं. वकील नेलाच पाहिजे असंही नाही (हे मी आमच्या बार रूममध्ये मोठ्याने बोलत नाही). त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघा, पुष्कळदा तेवढ्यावर शोरूमचा मॅनेजर स्वतः फोन करतो. पण हे सगळं कागद असेल तर. ब्रोशरच्या मागची पेन्सिल आयोगात चालत नाही.

माजी_सेल्स

बरेच दिवस वाचतोय, आज लिहितो. मी काही वर्षं शोरूमला होतो, कुठल्या ते सोडा. आता दुसरं काम करतो. दोन्ही बाजू सांगतो.

सेल्सच्या पोराचा पगार तुमच्या घरी येणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा फार नसतो. बाकी सगळं इन्सेंटिव्हवर. आणि इन्सेंटिव्ह गाडीवर कमी, गाडीच्या सोबतीला काय विकलं यावर जास्त. डीलरला स्वतःला गाडीवर मोजकंच सुटतं, कमाई असते इन्शुरन्स, लोन, ॲक्सेसरीज, वॉरंटी, जुनी गाडी एक्स्चेंज यात. रोज सकाळच्या मीटिंगमध्ये मॅनेजर विचारतो, काल तीन गाड्या दिलास, इन्शुरन्स किती? बाहेरून इन्शुरन्स घेऊन कस्टमर आला की त्या पोराला सगळ्यांसमोर झाडतात. म्हणून तो तुम्हाला सांगतो की बाहेरचा इन्शुरन्स घेतला तर आमच्याकडे कॅशलेस होणार नाही. ते खोटं आहे. कॅशलेस हे इन्शुरन्स कंपनी आणि वर्कशॉपच्या करारावर असतं, पॉलिसी कुणाकडून काढली यावर नाही. तुम्ही कंपनीला फोन करून त्या वर्कशॉपचं नाव यादीत आहे का विचारा, झालं. आणि डीलर इन्शुरन्सची सक्ती करू शकत नाही.

@वडगावकर तुमचा ५१,८०० चा आकडा फोडून मागा. नव्या कारला थर्ड पार्टी तीन वर्षांचा लागतोच, २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशापासून. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा एक वर्षाचा पुरतो. त्यावर झिरो डेप (क्लेममध्ये पार्टच्या झिजेचे पैसे कापत नाहीत ते), इंजिन प्रोटेक्ट, की रिप्लेसमेंट, कन्झ्युमेबल्स, टायर कव्हर असं एकेक चढवत नेतात. झिरो डेप घ्या. आपल्याकडचा पाऊस बघता इंजिन प्रोटेक्टही घ्यावं असं माझं मत. बाकीचं खोडलं तरी चालतं. मग तोच संच, तीच आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) टाकून ऑनलाइन बघा आणि तो आकडा त्याला दाखवा. दहा मिनिटांत "मॅनेजरशी बोललो सर, स्पेशल अप्रूव्हल घेतलं" म्हणत खाली येईल. ते अप्रूव्हल आधीपासूनच असतं. मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन आम्ही क्रिकेटचा स्कोअर विचारून परत यायचो.

वॉरंटी आजच घ्यायला पाहिजे हेही खरं नाही. बहुतेक कंपन्या मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत कधीही देतात, उशीर केला तर थोडी महाग पडते इतकंच.

अनगोळची_ताई

@माजी_सेल्स क्रिकेटचा स्कोअर 😂 आणि आम्ही बाहेर देवाचा धावा करत बसायचो की अप्रूव्हल येऊ दे.

माझा अनुभव वेगळाच. गाडी मी घेतली, पैसे माझे, चालवणार मी. सेल्समन पूर्ण वेळ नवऱ्याकडे बघून बोलला. मी मायलेज विचारलं तर उत्तर ह्यांना दिलं, मला कलरचं कार्ड दिलं. ह्यांना गाडी येत पण नाही. मी काही बोलले नाही, फक्त चेक काढायच्या वेळी पर्स बंद केली आणि म्हटलं आता तुम्ही ह्यांच्याकडूनच पैसे घ्या, मी निघते. मग मॅनेजर धावत आला, मॅडम बसा, मॅडम कॉफी. तिथून पुढे बोलणी मी केली, फोनवर नाही, सगळं ईमेलवर. दुसऱ्या शोरूमचं कोटेशन जोडून पाठवायचं आणि एवढंच लिहायचं की यापेक्षा कमी असेल तर कळवा. हुबळी आणि कोल्हापूरची पण मागवली होती. ईमेलवर कोण आत्या-मामा काढत नाही.

हिशेबी_माणूस

लोनबद्दल कोणी बोललं नाही. शोरूमचा फायनान्सवाला म्हणतो "फक्त ७ टक्के", आणि बँक सांगते ९. माणूस ७ कडे पळतो. ते ७ फ्लॅट असतात, म्हणजे फेडलेल्या रकमेवरही शेवटपर्यंत व्याज. ८ लाख, पाच वर्षं, ७ फ्लॅट म्हणजे व्याज २ लाख ८० हजार आणि हप्ता १८,०००. बँकेचे ९ टक्के रिड्युसिंग (फक्त उरलेल्या रकमेवर व्याज) असतील तर हप्ता साधारण १६,६०० आणि व्याज १ लाख ९६ हजारांच्या आसपास. म्हणजे ७ वाला चौऱ्याऐंशी हजारांनी महाग पडला. फ्लॅट ७ म्हणजे खरे साडेबाराच्या घरात जातात.

यावर उपाय सोपा आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कर्ज देणाऱ्याला की फॅक्ट स्टेटमेंट द्यावं लागतं, त्यात सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर छापलेला असतो. तो कागद मागा, दुसरं काही ऐकू नका. प्रोसेसिंग फी, कर्जाचा विमा, सगळं त्यात उघडं पडतं. मी आयुष्यभर बँकेत काढलं, लोक दागिना घेताना काटा दोनदा बघतात आणि कर्जाच्या बावीस कागदांवर न वाचता सह्या करतात.

फौजी_भाऊ

मराठा लाइट इन्फंट्रीवाले इथे असतील त्यांच्यासाठी. सर्व्हिंग असाल तर बीएच सिरीज (सगळ्या राज्यांत चालणारा नंबर) बघा, २०२१ पासून आहे. टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरायचा, १० लाखांच्या आत ८ टक्क्यांच्या हिशेबाने, बदली झाली तरी नंबर बदलायची कटकट नाही. कॅन्टीनमधून गाडी घेणार असाल तर शोरूमवाला टाळाटाळ करतो, "सीएसडीची गाडी चार महिने लागेल सर, रोखीने घ्या, आज देतो". कारण उघड आहे, तिथे त्याला वरचं काही लावता येत नाही. धीर धरा.

चिकोडी_पाटील

नव्या गाडीचं चाललंय खरं मी जुन्याचं सांगतो, कारण आमच्या भागात जुनीच जास्त घेत्यात आणि तिथं तर विचारूच नका.

२०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा काठच्या किती गाड्या पाण्यात गेल्या ते आपण डोळ्यानं बघितलंय. यमगर्णीजवळ हायवे बंद होता. त्या गाड्या गेल्या कुठं? पुसून, पॉलिश करून, सीट कव्हर घालून परत बाजारात आल्या. माझ्या मेव्हण्यानं अशीच एक बघितली होती, सांगलीकडची, रंग आरशासारखा, दलाल म्हणत होता डॉक्टरची गाडी, रविवारी फक्त देवळाला जायची. मी ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा धरलो आणि ओढत गेलो, ओढत गेलो, पार शेवटपर्यंत. वरचा हातभर पट्टा स्वच्छ, धुतलेला, आणि आतला जो कधी बाहेर येतच न्हाई तो भाग मातकट, मध्ये सरळ एक रेघ. तिथपर्यंत पाणी आलतं. मग डिकीतली स्टेपनी काढलो, खालच्या खोबणीत बारीक वाळू. सीटच्या खालच्या पट्ट्यांना हात लावलो तर गंज बोटाला आला. दलाल म्हणतोय एसीचं पाणी गळतंय साहेब. एसीचं पाणी वाळू आणतंय होय?

रनिंगचंबी तसंच. मीटर पन्नास हजार दाखवतोय आणि ब्रेकचं पेडल घासून गुळगुळीत. कंपनीच्या वर्कशॉपला गाडी नंबर देऊन सर्व्हिस हिस्ट्री काढा, मालकाला बरोबर घेऊन जावा म्हणजे देतात. हिस्ट्री देत न्हाई म्हटला की उठायचं.

खानापूरचा_गडी

आणि जुनी गाडी एक्स्चेंजला देताना काय करायचं? माझी १०-११ वर्षांची आहे. शोरूमवाला म्हणतो मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून ठेवा, नाव कुणाचं ते आम्ही भरतो.

वकीलीणबाई

कोऱ्या फॉर्मवर सही करू नका हो. नाव बदलेपर्यंत कायद्याच्या लेखी मालक तुम्हीच. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये हे स्पष्ट सांगितलंय, गाडी विकली, पैसे घेतले, पण रजिस्टरला नाव जुन्याचंच असेल तर अपघाताची भरपाई त्याच्याकडूनच. डीलरने ती गाडी तिसऱ्याला दिली, त्याने चौथ्याला, आणि चौथ्याने रामनगरच्या रस्त्यावर कुणाला उडवलं तर नोटीस खानापूरला तुमच्या दारी.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरना आरटीओचं अधिकारपत्र घ्यावं लागतं. अशा डीलरला गाडी देताना फॉर्म २९सी ऑनलाइन भरला की गाडीची जबाबदारी त्याच्यावर जाते. त्याच्याकडे अधिकारपत्र आहे का विचारा. नसेल तर ओळखीतल्या माणसाला थेट विका आणि १४ दिवसांत आरटीओला कळवा.

हिशेबी_माणूस

खानापूरकर, जुन्या गाडीवर नो क्लेम बोनस साठला असेल तर तो तुमचा आहे, गाडीचा नाही. गाडी देण्याआधी इन्शुरन्स कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, तीन वर्षं चालतं. नव्या गाडीच्या पॉलिसीत ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते, फक्त स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर. शोरूमवाले हे आपण होऊन सांगत नाहीत.

वडगावकर

मंडळी, काय सांगू. तुमचे प्रतिसाद प्रिंट करून बाबांना वाचायला दिले. कागलचा पत्ता रद्द. बाबा म्हणाले ते वकीलीणबाईंचं बोलणं ऐकून मला रात्री झोप लागली नाही.

नवीन कोटेशन आलं. हँडलिंग गेलं, न बोलता गेलं. आरटीओ १,४१,६०० वर आला. किटमधली मॅट आणि मडफ्लॅप ठेवली, बाकी काढलं. इन्शुरन्स ४४ वर आलाय, ऑनलाइन त्याहून कमी दिसतोय, तिथे अजून ओढाताण चालू आहे. डिस्काउंट २० म्हणतो, "पण ते ॲक्सेसरीजच्या रूपात". बुकिंगचे ११,००० मागतोय आणि म्हणतो माझ्या नंबरवर गुगल पे करा, मी लगेच ब्लॉक करतो, रविवारी कॅशियर नसतो. आणि गाडी यार्डात आहे, यार्डात कस्टमरला सोडत नाहीत म्हणे.

गणपत_गल्ली

त्याच्या नंबरवर एक रुपया टाकू नका!! आमच्या गल्लीतल्या एकाचे असेच गेले. पोरगा नोकरी सोडून गेला, शोरूम म्हणतंय आमच्याकडं एंट्रीच न्हाई.

माजी_सेल्स

@वडगावकर आता नीट वाचा, इथून पुढे खरी गंमत आहे.

बुकिंग सोमवारी. शोरूमच्या खात्यावर, शिक्क्याची पावती घेऊन. बुकिंग फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात कॅन्सल केल्यावर किती कापणार ते असतं, ते वाचा. फॉर्मवर व्हेरियंट, रंग, ठरलेली किंमत, डिस्काउंट, फुकट काय देणार आणि साधारण डिलिव्हरीची तारीख लिहून घ्या. डिस्काउंट बिलात मागा. ॲक्सेसरीजच्या रूपात म्हणजे २० हजाराची एमआरपी लावलेली आठ हजाराची वस्तू.

यार्डात सोडत नसतील तर गाडी शोरूमला आणायला लावा. बघितल्याशिवाय पूर्ण पैसे नाहीत आणि नंबर टाकू देऊ नका, कारण एकदा रजिस्ट्रेशन झालं की ती गाडी तुमची, त्यावरचा ओरखडा पण तुमचा. चॅसिस नंबर व्हॉट्सॲपवर नाही, गाडीवरचा बघा. बऱ्याच कंपन्यांच्या चॅसिस नंबरात दहावं अक्षर वर्ष सांगतं, २०२४ ला आर, २०२५ ला एस. पक्की खात्री करायची तर फॉर्म २२ मागा, त्यात तयार झाल्याचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. वर्षाच्या शेवटी आणि जानेवारीत हे हटकून बघायचं. जुन्या वर्षाची गाडी घेऊ नका असं मी म्हणत नाही, पण मग डिस्काउंट तसा पाहिजे, कारण पुढे विकताना वर्ष मोजलं जातं.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. चारही टायर आणि स्टेपनी एकमेकांच्या जवळपासची पाहिजेत. एखादा फारच वेगळा दिसला तर विचारा का बदलला. दिवसाउजेडी बघा, शोरूमच्या लाइटखाली सगळंच चमकतं. बॉनेटच्या आणि दारांच्या बोल्टवर पाना लागल्याची खूण आहे का बघा. ट्रकवरून उतरवताना गाड्या घासतात आणि गुपचूप रंगवतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मीटरवर शंभरच्या आत असेल तर ठीक. दोनशे-तीनशे असेल तर ती डेमोची किंवा दुसऱ्या शोरूममधून चालवत आणलेली.

आणि महिन्याच्या शेवटच्या तीन-चार दिवसांत जा. टार्गेटला एक-दोन गाड्या कमी पडत असतील तर जे पंधरा तारखेला जमत नाही ते तीसला जमतं.

अनगोळची_ताई

टॉर्च घेऊन जा, आणि बाबांना त्या दिवशी घरी ठेवा 😀 आत्या निघाली की ते पुन्हा विरघळतील.

वडगावकर

😂 ताई, बाबांना चहा आधीच घरी पाजून नेतो, न्यावं तर लागणारच, नाव त्यांचंच आहे. तीस तारखेला गाडी शोरूमला आणतो म्हणालाय, फार कुरकुर करून. मला बोल्ट-बिल्ट काही कळत नाही, कोणी जाणकार बेळगावात असेल तर सोबत येईल का? जेवण माझ्याकडून.

माजी_सेल्स

मी येतो. साडेदहाला गोवावेसच्या सर्कलला भेटू. आत गेल्यावर मला मामा म्हणा आणि काहीही झालं तरी मी आधी कुठे कामाला होतो ते बोलू नका, तिथला मॅनेजर माझा जुना साहेब आहे.